खेळाडू गेला की गद्दार, टीमने काढला की बिझनेस? एनबीए फॅन्सचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एनबीए म्हणजे उत्तर अमेरिकेतली बास्केटबॉल लीग. जुलै उजाडला की फ्री एजन्सी (कॉन्ट्रॅक्ट संपलेले खेळाडू नवी टीम निवडतात तो काळ) आणि फेब्रुवारी आला की ट्रेड डेडलाइन (टीम्सनी खेळाडूंची अदलाबदल करायची शेवटची तारीख), वर्षातून दोनदा आपल्यात तीच भांडणं होतात. कोण सोडून गेला, कोणाला काढलं, कोण पैशासाठी गेला, कोणी शब्द मोडला. मला लोक जे प्रश्न सारखे विचारतात ते एकदाच सगळे इथे घेतोय. नियम जेवढे लागतात तेवढेच सांगितलेत, बाकी माझं मत आहे आणि ते मी लपवणार नाहीये.

कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर खेळाडू दुसऱ्या टीमकडे गेला तर ती गद्दारी का?

नाही. कॉन्ट्रॅक्ट संपलं म्हणजे दोन्ही बाजू मोकळ्या. आणि हा हक्क खेळाडूंना असाच मिळालेला नाही, ऑस्कर रॉबर्टसनने १९७० मध्ये लीगविरुद्ध कोर्टात केस टाकली, ती मिटायला १९७६ उजाडलं, आणि त्यानंतरही खऱ्या अर्थाने मोकळा असा पहिला फ्री एजंट टॉम चेंबर्स १९८८ ला सिएटल सोडून फिनिक्सला गेला. त्याआधी कॉन्ट्रॅक्ट संपलं तरी खेळाडू जुन्या टीमलाच बांधलेला असायचा. म्हणजे आपण ज्याला जुन्या काळातली निष्ठा म्हणतो ना, त्यातली बरीचशी निष्ठा म्हणजे दरवाजाला बाहेरून घातलेली कडी होती.

लेब्रॉन जेम्सचं उदाहरण सगळे देतात म्हणून घेतो. २००३ ला क्लीव्हलँडने त्याला पहिल्या नंबरवर ड्राफ्ट केलं (ड्राफ्ट म्हणजे टीम्सनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडणं), तो सात सीझन खेळला, २०१० ला कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि तो मायामीला गेला. जर्सी जाळल्या गेल्या, मालक डॅन गिल्बर्टने रागाच्या भरात जाहीर पत्र लिहिलं. माझं मत असं की टीव्हीवर एक तासाचा कार्यक्रम करून आपल्याच गावच्या माणसांना (तो शेजारच्या अ‍ॅक्रनचाच) सगळ्या जगासमोर ती बातमी देणं चुकलं, तो घाव खरा होता आणि त्यावर चिडणाऱ्यांना मी कधीच नावं ठेवणार नाही. पण जाणं चुकलं नाही. सात वर्षांत त्याच्या बाजूला दुसरा स्टार आणून ठेवणं हे टीमचं काम होतं आणि ते झालं नाही. पुढे २०१४ ला तो परत आला, २०१६ च्या फायनलमध्ये ७३ मॅच जिंकून आलेल्या वॉरियर्सविरुद्ध ३-१ ने मागे असताना ट्रॉफी आणली, आणि २०१८ ला पुन्हा लेकर्सकडे गेला तेव्हा कोणी फार बोललं नाही.

बरं, मग टीम खेळाडूला काढते तेव्हा आपण गप्प का बसतो?

कारण आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. टीम आपली असते, जर्सी आपली असते, त्यामुळे जीएमने (टीमचे सौदे ठरवणाऱ्या जनरल मॅनेजरने) काही केलं की आपण लगेच त्याच्या डोक्याने विचार करायला लागतो, कॅप (टीमच्या एकूण पगारांची मर्यादा) मोकळी झाली, पिक (ड्राफ्टमधल्या निवडीच्या पाळ्या) मिळाले, वय झालं होतं त्याचं वगैरे. खेळाडूने तोच हिशोब स्वतःसाठी केला की मात्र आपल्याला पैशाचा लोभ दिसतो.

डीमार डीरोझन बघा. टोरांटोने २००९ ला घेतला. त्या काळात टोरांटोत कोणी मोठा खेळाडू टिकत नाही अशी तिथल्या फॅन्सची कायमची जखम होती, व्हिन्स कार्टर गेला, ख्रिस बॉश गेला. डीरोझन २०१६ ला फ्री एजंट झाला तेव्हा दुसऱ्या कुठल्याही टीमला भेटायलासुद्धा गेला नाही, पाच वर्षांचं १३ कोटी ९० लाख डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट करून तिथेच राहिला. जुलै २०१८ ला त्याला सॅन अँटोनिओला पाठवून कवाय लेनर्डला आणलं. आपल्याला सांगितलं एक आणि केलं दुसरंच, अशा अर्थाचं त्याने तेव्हा लिहिलं होतं. पुढच्याच वर्षी टोरांटोने ट्रॉफी जिंकली. बास्केटबॉल म्हणून निर्णय शंभर टक्के बरोबर होता आणि माणूस म्हणून त्याच्याशी जे वागले ते वाईट होतं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि मला यातली एकही सोडायची नाही.

आयझेया थॉमसचं तर आठवलं तरी त्रास होतो. २०१६-१७ मध्ये पाच फूट नऊ इंचाचा हा माणूस बॉस्टनसाठी मॅचला सरासरी २८.९ पॉइंट काढत होता. प्लेऑफ सुरू व्हायच्या आदल्या दिवशी त्याची धाकटी बहीण कार अपघातात गेली. तो दुसऱ्या दिवशी खेळला. २ मे ला, तिच्या वाढदिवशी, त्याने ५३ पॉइंट केले. खुबा दुखावला होता तरी खेळत राहिला, शेवटी अजिबात जमेना तेव्हाच थांबला. ऑगस्टमध्ये बॉस्टनने त्याला कायरी अर्व्हिंगच्या बदल्यात क्लीव्हलँडला देऊन टाकलं. मोठं कॉन्ट्रॅक्ट त्याला कधीच मिळालं नाही, २०१८ ला डेन्व्हरशी मिनिमम पगारावर सही करावी लागली. टीमसाठी शरीर झिजवा म्हणणाऱ्या प्रत्येकाने ही एक गोष्ट वाचून मग बोलावं असं मला मनापासून वाटतं.

आणि ब्लेक ग्रिफिन. जुलै २०१७ ला क्लिपर्सनी त्याला थांबवण्यासाठी रिकाम्या अरिनात त्याची जर्सी छताला चढवण्याचा खोटा सोहळा करून दाखवला, की बाबा तू आयुष्यभर इथला. सहा महिन्यांनी, जानेवारी २०१८ ला, डेट्रॉइटला ट्रेड.

खेळाडूला ट्रेड नाकारता येत नाही का?

जवळजवळ कोणालाच नाही. नो-ट्रेड क्लॉज (खेळाडूच्या होकाराशिवाय ट्रेड नाही अशी अट) मिळवायचं तर लीगमध्ये किमान आठ वर्षं आणि त्याच टीममध्ये किमान चार वर्षं झालेली लागतात, आणि वर टीमने ते द्यायला हो म्हणावं लागतं. कोबी ब्रायंट, डर्क नोविट्स्की, टिम डंकन अशा मोजक्यांना मिळालं. ब्रॅडली बीलला वॉशिंग्टनने २०२२ ला दिलं आणि मग त्याला हलवताना कुठे जायचं हे तोच ठरवायला लागला, त्यामुळे आता जीएम लोक हे क्लॉज द्यायला अजूनच बिचकतात. बाकी सगळ्यांचं असं की फोन येतो आणि सामान बांधायचं. मुलांची शाळा, घर, बायकोची नोकरी, काही विचारात घेतलं जात नाही.

सॅलरी कॅप आहे म्हणता, मग टीम्स कॅपच्या एवढ्या वर कशा?

कारण एनबीएची कॅप सॉफ्ट आहे, ती ओलांडायला अपवाद आहेत. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा लॅरी बर्डच्या नावाने ओळखला जातो. खेळाडू तीन सीझन तुमच्याकडे असला आणि मध्ये फ्री एजंट म्हणून टीम बदललेली नसली तर त्याला परत साइन करताना तुम्ही कॅपच्या वर जाऊ शकता. म्हणजे नियमच असं सांगतो की आपला माणूस ठेवायला आम्ही सवलत देतो. म्हणून कोणी आमच्याकडे कॅप स्पेस नव्हती हो, म्हणून आमचा खेळाडू गेला असं म्हणालं तर एकदा तपासा, बऱ्याचदा खरी अडचण कॅपची नसते, मालकाला लक्झरी टॅक्स (पगार एका रेषेच्या वर गेले की लीगला भरायचे जादा पैसे) भरायचा नसतो. कॅप किती वाढली बघायचं असेल तर १९८४-८५ ला ती ३६ लाख डॉलर होती, २०२५-२६ ला १५ कोटी ४६ लाखांच्या वर होती.

मॅक्स आणि सुपरमॅक्स यात फरक काय? आणि लूकाचे पैसे कसे गेले?

मॅक्स म्हणजे एका खेळाडूला जास्तीत जास्त किती देता येईल त्याची मर्यादा. सहा वर्षांपर्यंत अनुभव असेल तर कॅपच्या २५ टक्के, सात ते नऊला ३०, दहा आणि पुढे ३५. ही मर्यादा १९९८-९९ च्या लॉकआउटनंतर आली, त्याआधी १९९७ ला केव्हिन गार्नेटने मिनेसोटाशी सहा वर्षांचं १२ कोटी ६० लाखांचं कॉन्ट्रॅक्ट केलं होतं आणि मालक मंडळी हादरली होती.

सुपरमॅक्स लीग आणि खेळाडूंच्या युनियनच्या २०१७ च्या करारात आला. सात ते नऊ वर्षांचा खेळाडू ऑल-एनबीए (सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूंची निवड), एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) किंवा डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर अशा अटीत बसला तर त्याची स्वतःची टीम त्याला आधीच ३५ टक्के देऊ शकते. उद्देश हाच की स्टार्सनी ड्राफ्ट केलेल्या टीमकडेच राहावं. यानिस अँटेटोकूनम्पोने डिसेंबर २०२० ला मिलवॉकीशी पाच वर्षांचं २२ कोटी ८० लाखांचं असंच कॉन्ट्रॅक्ट केलं आणि त्याच सीझनला ट्रॉफी आणली, छोट्या शहरासाठी यापेक्षा चांगलं काही होऊ शकत नाही.

पण हाच नियम उलटाही फिरतो. लूका डॉन्चिच २०२५ च्या उन्हाळ्यात डॅलसकडून पाच वर्षांच्या साधारण ३४ कोटी ५० लाखांच्या सुपरमॅक्सला पात्र होणार होता. त्याला जायचं नव्हतं, त्याने काही मागितलं नव्हतं, आदल्या वर्षी टीमला फायनलला नेलं होतं. फेब्रुवारी २०२५ च्या सुरुवातीला जीएम निको हॅरिसनने त्याला अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि एका फर्स्ट राउंड पिकच्या बदल्यात लेकर्सला दिलं. टीम बदलली की सुपरमॅक्सची पात्रता गेली. खेळाडूने राहायचं ठरवलेलं असताना टीमनेच निघ म्हटलं, आणि राहण्यासाठी म्हणून ठेवलेले पैसे मात्र खेळाडूचे गेले. डॅलसच्या फॅन्सनी जे केलं, महिनोन्महिने हॅरिसनला काढा म्हणून ओरडत राहिले, ते मला फार पटलं, कारण बऱ्याच वर्षांनी राग योग्य माणसावर निघाला. नोव्हेंबर २०२५ ला त्याला काढलं.

ड्युरंटचं काय? ती तरी गद्दारी ना?

हा प्रश्न आला की मला दोन बाजू वेगळ्या कराव्या लागतात. ४ जुलै २०१६, ओक्लाहोमा सिटीचा केव्हिन ड्युरंट वॉरियर्सकडे गेला, ज्यांच्याविरुद्ध महिनाभर आधी त्याची टीम ३-१ पुढे असताना हरली होती. स्पर्धा म्हणून मला तेव्हा आवडलं नव्हतं आणि आजही आवडत नाही, ज्याने हरवलं त्याच्याच घरात जाऊन राहिल्यासारखं वाटतं. पण त्याने कुठला नियम मोडला? कुठलाच नाही.

तो जाऊ शकला ते कशामुळे हे फार कमी लोक बोलतात. नव्या टीव्ही करारामुळे कॅप एका वर्षात ७ कोटीवरून ९ कोटी ४१ लाखांवर उडाली. लीग म्हणत होती हळूहळू वाढवू, खेळाडूंच्या युनियनने नाही म्हटलं. त्यात वॉरियर्सच्या स्टेफ करीचा घोटा सारखा दुखावत होता म्हणून २०१२ ला त्याने चार वर्षांचं ४ कोटी ४० लाखांचंच एक्स्टेन्शन (कॉन्ट्रॅक्टची मुदतवाढ) घेतलं होतं, म्हणजे सलग दोनदा एमव्हीपी झालेला खेळाडू वर्षाला सरासरी १ कोटी १० लाखांत. या दोन गोष्टी जुळल्या नसत्या तर वॉरियर्सना ड्युरंट परवडलाच नसता. रागवायचंच असेल तर त्या एका उन्हाळ्याच्या हिशोबावर रागवा.

कमी पैसे घेतले म्हणजे निष्ठावान, पूर्ण घेतले म्हणजे लोभी, असं आहे का?

अजिबात नाही, आणि हा विचार फॅन्सनी सोडावा असं मला कळकळीने वाटतं. डर्क नोविट्स्कीने २०१४ ला तीन वर्षांचे अडीच कोटी घेतले, आदल्या सीझनला एकट्या वर्षाचे दोन कोटींच्या वर मिळत असताना. सुंदर गोष्ट आहे, २१ सीझन एकाच टीममध्ये, मला त्याच्याबद्दल अपार आदर आहे. पण ती त्याची भेट होती. भेट मागून घेत नाहीत.

जेलेन ब्रन्सनने २०२४ ला न्यूयॉर्कशी चार वर्षांचं १५ कोटी ६५ लाखांचं एक्स्टेन्शन केलं, एक वर्ष थांबला असता तर पाच वर्षांचे जवळपास २६ कोटी ९० लाख मिळाले असते. लोक म्हणाले बघा निष्ठा. निष्ठा आहेच, टीमला त्यामुळे बाकी खेळाडू जमवता आले, पण लवकर सही केल्याने दुखापतीचा धोका टळला आणि पुढचं मोठं कॉन्ट्रॅक्टही लवकर करता येईल, हा त्यातला शहाणपणा आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या टोकाला स्कॉटी पिपेन. घरची गरिबी, मोठं कुटुंब, म्हणून १९९१ ला त्याने लांब मुदतीचं खात्रीचं कॉन्ट्रॅक्ट घेतलं. शिकागोने ते पुन्हा उघडायला नकार दिला आणि १९९७-९८ ला जॉर्डनला ३ कोटी ३० लाखांच्या वर मिळत असताना पिपेनला २८ लाखांच्या आत मिळत होते. टीमने कागदावर बोट ठेवलं तर तो करार पाळणं, खेळाडूने बोट ठेवलं तर तो हट्ट, हे कसं चालेल?

तोंडी दिलेल्या शब्दाला काही किंमत असते का?

लीगच्या दृष्टीने उलट गुन्हा आहे. मिनेसोटाने जो स्मिथला आता कमी पैशात खेळ, नंतर मोठं कॉन्ट्रॅक्ट देतो असा छुपा करार करून दिला होता, तो २००० मध्ये उघडकीला आला आणि लीगने ३५ लाख डॉलर दंड केला, वर फर्स्ट राउंड पिक काढून घेतले.

२००४ चं कार्लोस बूझरचं प्रकरण मात्र अजून वादातच आहे. क्लीव्हलँडकडे त्याचं आणखी एक वर्ष स्वस्तात ठेवायचा ऑप्शन होता, तो त्यांनी सोडला, समजुतीने की तो लगेच त्यांच्याशीच नवं कॉन्ट्रॅक्ट करेल. तो युटाला सहा वर्षांच्या ६ कोटी ८० लाखांवर गेला. टीम म्हणाली शब्द मोडला, तो म्हणाला मी शब्द दिलाच नव्हता. खोलीत काय बोलणं झालं ते आत असलेल्यांनाच माहीत, पण या एका प्रकरणानंतर प्रत्येक जीएम शहाणा झाला.

कॉन्ट्रॅक्ट चालू असताना ट्रेड मागणं बरोबर आहे का?

इथे मी खेळाडूंच्या बाजूने पूर्ण उभा नाही. मागायला हरकत नाही, टीमही चालू कॉन्ट्रॅक्टमध्ये ट्रेड करतेच की. पण सही केल्यावर खेळायलाच न जाणं, जसं बेन सिमन्सने २०२१-२२ ला फिलाडेल्फियात केलं, ते मला पटत नाही, मग त्याची कारणं काहीही असोत. ज्याने तिकीट काढलंय आणि जो सहकारी तुमच्या वाटची मिनिटं खेळतोय, त्यांच्याशी तुमचं भांडण नसतं.

आणि दरवेळी टीमचं वाटोळंच होतं असंही नाही. पॉल जॉर्जने २०१८ ला ओक्लाहोमा सिटीशी चार वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट केलं आणि वर्षभरात क्लिपर्सकडे जायचं म्हणाला. बदल्यात आला शे गिल्जस-अलेक्झांडर आणि पिकांचा ढीग, त्यातल्याच एका पिकवर जेलन विल्यम्स मिळाला. २०२५ ला ओक्लाहोमा चॅम्पियन, शे एमव्हीपी. तेव्हा जॉर्जला शिव्या घालणारे आता त्याचं नाव कृतज्ञतेने घेतात.

जिंकलेली टीम का मोडतात?

२०२३ च्या करारातला सेकंड एप्रन, म्हणजे टीमच्या एकूण पगारखर्चावरची वरची रेषा. खर्च त्या रेषेवर गेला की फक्त टॅक्स लागत नाही, हातच बांधले जातात: दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, ट्रेडमध्ये पैसे देता येत नाहीत, सात वर्षांनंतरचा फर्स्ट राउंड पिक गोठतो. बॉस्टनने २०२४ ला ट्रॉफी जिंकली आणि २०२५ च्या उन्हाळ्यात ड्रू हॉलिडे आणि पोर्झिंगिस दोघंही गेले, स्टार जेसन टेटमचं अकिलीस (टाचेमागची शीर) फाटलेलं होतंच. दुसरा स्टार जेलेन ब्राउनला ३० कोटी ४० लाख आणि टेटमला ३१ कोटी ४० लाख दिले म्हणून ते लोभी असं म्हणू नका. नियम स्पर्धा समान करायला आणला हे मान्य, पण जी टीम स्वतः घडवली तीसुद्धा ठेवू देत नाही, आणि मला हे फॅन्सवर अन्याय करणारं वाटतं.

वेव्ह, बायआउट, स्ट्रेच हे काय?

वेव्ह म्हणजे टीमने सोडलं, पण खात्रीचे पैसे द्यावेच लागतात. बायआउट म्हणजे खेळाडूने थोडे पैसे सोडून सुटका करून घेतली. स्ट्रेच म्हणजे उरलेले पैसे, उरलेल्या वर्षांच्या दुप्पट अधिक एक एवढ्या वर्षांवर पसरवणं. डेमियन लिलार्डचं अकिलीस एप्रिल २०२५ ला फाटलं, मिलवॉकीने जुलैत त्याला वेव्ह केलं, दोन वर्षांचे सुमारे ११ कोटी ३० लाख पाच वर्षांवर पसरवले आणि त्या जागेत माइल्स टर्नर आणला. लिलार्ड परत पोर्टलंडला गेला, ११ सीझन खेळून २०२३ ला ज्यांच्याकडे त्याने ट्रेड मागितला होता त्यांच्याकडेच, तीन वर्षांसाठी, आणि या वेळी नो-ट्रेड क्लॉजसकट.

बेंचच्या शेवटच्या खेळाडूंचं कोणी का बोलत नाही?

बोलायला हवं. पंधरा जागा, वर तीन टू-वे. टू-वे वाला अर्धा वेळ जी लीगमध्ये (एनबीएच्या खालच्या लीगमध्ये), एनबीएच्या जास्तीत जास्त ५० मॅचना उपलब्ध. टेन-डे वाल्याला दहा दिवसांत स्वतःला सिद्ध करायचं. अर्धवट खात्रीच्या कॉन्ट्रॅक्टवाले दरवर्षी १० जानेवारीची वाट बघत असतात, त्या तारखेनंतर पूर्ण सीझनचे पैसे पक्के होतात म्हणून काहींना बरोबर आदल्या काही दिवसांत काढतात. निष्ठेवर वाद घालताना आपण दहा-पंधरा स्टार्सची नावं घेतो, पण लीगमधल्या बहुतेकांना कधी कुठली टीम निवडायला मिळतच नाही.

गेलेला खेळाडू परत आपल्या अरिनात आला तर हूटिंग करावं का?

करायचं तर करा, तुमचं मन दुखावलंय आणि त्याला हक्क आहे. मी मात्र २२ फेब्रुवारी २०१९ ची मॅच आठवतो. डीरोझन सॅन अँटोनिओच्या जर्सीत टोरांटोला आला, अख्खं अरिना उभं राहून टाळ्या वाजवत होतं आणि तो डोळे पुसत होता. मॅच शेवटच्या सेकंदांपर्यंत गेली, बॉल डीरोझनच्या हातात, आणि ज्याच्यासाठी त्याला पाठवलं त्या कवायनेच तो हिसकावून पलीकडे जाऊन डंक मारला. टोरांटो १२०-११७ ने जिंकलं. तेच लोक त्या डंकवर नाचले. चार महिन्यांनी ट्रॉफी आली आणि त्यानंतर महिनाभरात कवाय क्लिपर्सकडे निघून गेला.